बावीस वर्षं संजीवनासाठी प्रार्थना करतेय. अडथळा मीच आहे का?

नगरची मावशी
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. आमच्या घरात विश्वास येऊन चार पिढ्या झाल्या. दर शुक्रवारची बायकांची उपास-प्रार्थना बावीस वर्षं मी चालवते, आणि दर शुक्रवारी एक मागणं ठरलेलं असतं: प्रभू, आमच्या मंडळीत संजीवन येऊ दे, थंडावलेला विश्वास पुन्हा जागा होऊ दे.

पावसाळा लागला तेव्हा एक नवी बाई यायला लागली. वस्तीवर राहते, खुरपणीला जाते. पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं: "देवबाप्पा, पोराचा ताप उतरव. आन् ज्या बाईनं मला शिव्या दिल्या, तिचंबी बघ." मी आमेन म्हणायच्या आधीच तिला सांगितलं, "आपण 'हे स्वर्गीय पित्या' म्हणतो. आणि शेवटी 'येशूच्या नावाने' म्हणायचं असतं." ती म्हणाली, "व्हय, ताई." पुढच्या शुक्रवारी आली, पण डोक्यावर पदर ओढून सगळा वेळ गप्प बसली. त्यानंतर आलीच नाही.

माझी प्रार्थनेची वही आहे. तिच्या मुलाचं नाव काय होतं ते बघायला गेल्या आठवड्यात ती उघडली. नाव नव्हतं. तापाचाही उल्लेख नव्हता. त्या तारखेला मी लिहिलं होतं: "नवीन बाई – प्रार्थना शिकवणे." मग मागची पानं चाळत बसले. अमकीचं मन मऊ होऊ दे, तरुणांना पापाची जाणीव होऊ दे, पंचांमधला तंटा मिटू दे. चार वर्षांत माझं स्वतःचं नाव एकदाच सापडलं, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळचं.

परुशी देवापुढे स्वतःच्या धार्मिकतेची बढाई मारतो आणि जकातदार 'मज पाप्यावर दया कर' म्हणतो, तो येशूचा दाखला मी शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) कितीदा शिकवला असेल! प्रत्येक वेळी मनाने जकातदाराशेजारी उभी राहिले. रात्री झोप लागत नाही. शुक्रवार दुसऱ्या कुणाकडे सोपवू का? की तोही नम्रतेचा देखावाच होईल?

दौंडचे गुरुजी
मावशी, सलाम. मी केडगावाजवळचा, म्हणून मला पंडिता रमाबाईच आठवतात. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढी विद्वान बाई, जगभर नाव झालेलं, सभांमधून साक्ष देऊ शकणारी. तिला असं म्हणायला किती जड गेलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

केडगावात त्यांनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीपासून रोजची प्रार्थना सुरू झाली आणि जूनअखेर संजीवन आलं. त्यात मुली आपापली पापं कबूल करून रडत होत्या. शेजारणीचं पाप सांगून कुणी रडलं नाही. तुमची वही वाचून हेच मनात आलं. शुक्रवार सोडू नका. वहीचं पान बदला.

तरुण संघ, पुणे
मावशी, देखाव्याच्या भीतीने गप्प बसू नका, एवढंच सांगतो. 1740 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये मोठं संजीवन आलं होतं. (नगरला 1831 मध्ये आलेलं मिशन त्याच मुलखातलं.) तिथे जेम्स डेव्हनपोर्ट नावाचा एक पाळक (चर्चचा धर्मगुरू) दुसऱ्या पाळकांना नावं घेऊन 'यांचं तारण झालेलं नाही' म्हणायचा. 1743 मध्ये तर त्याने न्यू लंडन गावात इतरांच्या धार्मिक पुस्तकांची होळी केली. त्या काळचे नामांकित पाळक जोनाथन एडवर्ड्स संजीवनाच्या बाजूचेच होते, तरी त्यांनी 1742 मध्ये लिहिलं की आवेशी माणसाच्या मनात सैतान शिरतो तो मुख्यतः आत्मिक गर्वाच्या दारातून. त्या दाराची पंचाईत ही, की आतल्या माणसाला ते दिसतच नाही. पण 1744 मध्ये त्याच डेव्हनपोर्टने आपली चूक छापून जाहीर कबूल केली. चूक चारचौघांत झाली असेल, तर कबुलीही चारचौघांत व्हावी. तुम्ही तिला सगळ्यांसमोर टोकलंत ना?

संभाजीनगरची सिस्टर
भाऊंचं बरोबर आहे, पण क्रम चुकतोय. मी नर्स आहे, आणि एके काळी मीच ती बाई होते. मला एका मंडळीत भजनाला टाळ्या वाजवल्या म्हणून थांबवलं होतं. दोन वर्षांनी दोघी-तिघी घरी आल्या आणि क्षमा, क्षमा म्हणत रडल्या. मला त्यांनाच धीर द्यावा लागला! मावशी, आधी तिच्या घरी जा. बायबल नेऊ नका. क्षमेचं लगेच काढू नका. पोराचा ताप उतरला का, ते विचारा.

नगरची मावशी
सगळ्यांचे आभार. मंगळवारी गेले. पोरगं अंगणात टायर फिरवत होतं. मी ताप विचारल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या ध्यानात हुतं व्हय?" मला खोटं बोलवेना. "नव्हतं," म्हटलं. मग क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, चुलीवर चहा ठेवला. मुलाचं नाव विचारून घेतलं आणि घरी आल्यावर वहीत लिहिलं. त्याच्या खाली माझं.

शुक्रवारी बायकांना सगळं सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वांत वडील आजी म्हणाल्या, "मलाही तू म्हणाली होतीस, प्रार्थनेत रडत जाऊ नका म्हणून." कधी म्हटलं, मला आठवेना. त्यांना साल आठवत होतं. त्यांचे मालक गेले ते साल.

ती बाई त्या दिवशी आली नाही. खुरपणी चालू आहे, मजुरी बुडते. म्हणून पुढची प्रार्थना संध्याकाळी सातला तिच्याच वस्तीवर घ्यायची ठरली. सुरुवात कोण करणार, ते अजून ठरलेलं नाही.