९० हजारांत सेकंडहँड टूरिंग गाडी: ॲव्हेंजर, थंडरबर्ड, डॉमिनार की हिमालयन?

घाटवाट_डबलसीट

बजेट सगळं धरून ९० हजार. म्हणजे गाडी नावावर होऊन, इन्शुरन्स निघून, घाटात न्यायच्या लायकीची होईपर्यंतचे पैसे यातच. राहायला सिंहगड रोडला. ऑफिसला वापरायची नाही. महिन्यातून दोनदा डबल सीट, मागे दोन सॅडल बॅगा. रस्ते ताम्हिणीतून माणगाव आणि पुढे दापोली-गुहागर, नाहीतर सातारा-कोल्हापूर, वर्षातून एकदा गोवा. मुंबई एक्स्प्रेसवे आणि समृद्धी दुचाकीला बंदच, त्यामुळे ८०-८५ ला दिवसभर निवांत चालली की पुरे. उंची पाच फूट पाच.

बघून ठेवलेल्या चार:
ॲव्हेंजर २२० क्रूझ, २०१९, २६ हजार किमी, ६२ हजार मागतायत.
थंडरबर्ड ३५०, २०१५, ४१ हजार किमी, ७० हजार.
डॉमिनार ४००, २०१८, ३८ हजार किमी, ८८ हजार, "किंमत फिक्स".
हिमालयन, २०१६ ची कार्ब्युरेटरवाली, ३३ हजार किमी, ८० हजार.

यातली कोणती, आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? मेकॅनिक सोबत येणार आहे, पण तो म्हणतो "आवाज ऐकून सांगतो". तेवढ्यावर विसंबायचं नाही.

पंधराचा_पाना

आधी आकडा दुरुस्त करा. ९० पैकी १५ ते १८ हजार बाजूला काढून ठेवा, गाडीसाठी ७२-७५ च उरतात. सात-आठ वर्षांच्या गाडीला घेतल्या घेतल्या टायर, चेन सेट, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल-फिल्टर यातलं निम्मं तरी लागतंच. विकणाऱ्याने ते सगळं बदललं असतं तर त्याने गाडी विकली कशाला असती!

डॉमिनार: गाडी उत्तम. ३७३ सीसी, २०१८ च्या मॉडेलला ३५ पीएस, स्लिपर क्लच (गिअर झटकन उतरवला तरी मागचं चाक अडकू न देणारा). ८५ ला इंजिन जांभया देतं. पण ८८ मध्ये घेतली तर तुमच्याकडे दोन हजार उरतात आणि खर्च त्या हिशेबाचे नाहीत. मागे १५०/६०-१७ चा रेडियल टायर, त्या एकाच्या पैशात ॲव्हेंजरचे दोन्ही टायर ट्यूबसकट निघतील. प्लग तीन. कूलंट आहे, म्हणजे रेडिएटरचा पंखा, होस, वॉटर पंप हेही आलंच. शिवाय ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टी विम्याचा दर वेगळा: जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४ रुपये, जीएसटी वेगळा. हिमालयन ४११ सीसीची, तीही याच गटात. थंडरबर्ड ३४६ ची असल्याने खालच्या दरात बसते.

हिमालयन: २१ इंची पुढचं चाक आणि लांब सस्पेन्शन, कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांना याच्यासारखी दुसरी नाही. पण २०१६ ची सोडा. त्या लॉटचे कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं), क्लच प्लेटा वगैरे पुष्कळांनी बदललेत. काय बदललंय, काय नाही, याचे कागद नसतील तर तो जुगार आहे. इंजेक्शनवाली, त्यातही २०१८ नंतरची एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मिळाली तर विचार करा, पण ती ७२ मध्ये मिळायची नाही. शिवाय स्पोकची चाकं, आत ट्यूब. ताम्हिणीत पंक्चर झालं तर मागचं चाक उतरवावं लागतं. टायर लिव्हर, जादा ट्यूब आणि पंप बाळगायची तयारी हवी. ॲव्हेंजर क्रूझला आणि या थंडरबर्डलाही स्पोकच आहेत, तेव्हा ही तयारी तुम्हाला तशीही लागेलच.

ॲव्हेंजर: सीट ७३७ मिमी, तुमच्या उंचीला दोन्ही पाय सपाट टेकतील. मागच्याला पाठ टेकायला जागा. पार्ट नाना पेठेत डोळे झाकून मिळतात, इंजिन प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालचं. दोष दोन. पाय पुढे असल्याने खड्ड्यात दणका थेट मणक्याला बसतो, पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून तो चुकवता येत नाही. आणि दोघं अधिक सामान झालं की मागचे शॉकॲब्सॉर्बर तळाला टेकतात, स्पीडब्रेकरवर पोट घासतं. सातारा-कोल्हापूरला झकास, दापोलीच्या आतल्या रस्त्यांना त्रासदायक.

थंडरबर्ड: २० लिटरची टाकी, लो-एंड टॉर्क, मागेही डिस्क. वजन १९० किलोच्या पुढे, पण खाली बसलेलं. ८० च्या आसपास तिचा जीव रमतो. त्यापुढे हँडल आणि आरसे थरथरायला लागतात. माझं मत हिला, पण दोन अटी. एक, ६२-६५ पर्यंत खाली यायला हवी. दोन, सेल्फ नीट लागायला हवा. या इंजिनात स्टार्टर आणि क्रँकच्या मधे एकाच दिशेने पकडणारा स्प्रॅग क्लच असतो. बॅटरी अर्धमेली असताना बटण दाबत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि त्याचे रोलर झिजतात. मग बटण दाबलं की कर्रर्र आवाज येतो, मोटर फिरते आणि इंजिन हलत नाही. कव्हर उघडून काम करावं लागतं, पार्टही स्वस्त नाही.

गार_इंजिन

मॉडेलवर वर लिहिलंय, मी तपासणीचं लिहितो. फोन करताना एकच अट घाला: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर हाताची मागची बाजू इंजिनच्या फिन्सजवळ न्या. गरम लागली तर का चालू केली हे विचारा, आणि उत्तराकडे नीट कान द्या. गार इंजिन खोटं बोलत नाही, गरम झाल्यावर टायमिंग चेनची खडखड आणि स्टार्टिंगचा त्रास दोन्ही झाकले जातात.

चालू करायच्या आधीच बॅटरीला मल्टिमीटर लावा (दोन-तीनशे रुपयांचा पुरतो). बंद गाडीत १२.६ च्या आसपास हवं. चालू करून आरपीएम थोडे वाढवल्यावर १३.८ ते १४.५. तेरावरच अडकलं तर रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) किंवा कॉइल, पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायर नक्की, आणि तो बॅटरीही उकळून मारतो.

धूर बघायला सायलेन्सरमागे एकाला उभं करा. सकाळी थोडी वाफ चालते. ॲक्सिलरेटर पिळल्यावर सतत निळा धूर म्हणजे रिंग-पिस्टन. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा उघडल्यावर एकदाच निळा ढग आला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, हे काम तुलनेने लहान. डॉमिनारला पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटची पातळी खाली असेल तर हेड गॅस्केट, तिथूनच परत फिरा. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधट चिकटा दिसला तरी तेच.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला धरून ओढा. अर्ध्या दातापेक्षा जास्त उचलली किंवा दात एका बाजूला वाकून शार्कच्या पराइतके टोकदार झाले असतील तर सेट संपला. नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेन जुने दात महिन्यात खातात. कोन सेटसाठी गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने डावीउजवीकडे न्या. बरोबर मधे "खट्" करून बसलं तर बॉल रेसमध्ये खड्डे पडलेत. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा, ढिलाई असेल तर हाताला कळते. तसंच मागचं चाक आडवं हलवलं की स्विंगआर्मचे बुश आणि व्हील बेअरिंग कळतात.

फोर्कच्या नळ्यांवर नखाने खालपासून वर जा. गंजाचे बारीक खड्डे लागले तर सील कितीही बदला, तेल गळणारच. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान आहे यावर जाऊ नका. सहा वर्षांचा रबर पहिल्या पावसात घाटात सरकतो.

किलोमीटर कोणीही मागे फिरवतं. ३० हजार दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडल, पेगचं रबर, इंडिकेटरचं बटण झिजून गुळगुळीत असेल तर काटा खोटा. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. पडलेली गाडी ओळखायला हँडल वळवून फ्रेमवरचा स्टॉपर बघा. तो एका बाजूला चेपला किंवा नव्याने वेल्ड केला असेल तर पुढून मार बसलाय.

तुम्ही सिंहगड रोडचे म्हणून खास: जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर एकतानगरीत पाणी शिरलं होतं. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीट काढा, वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज, हेडलाइटच्या आत गाळाची रेषा, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात माती दिसते का बघा.

टेस्ट राइडला सपाट रस्ता नाही, कात्रजचा चढ घ्या, दोघं बसून. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच प्लेटा संपल्यात.

चाकण_पासिंग

पंधराच्या पान्याशी सहमत नाही. डबल सीट, सामान आणि घाटात ट्रकच्या पुढे निघायचं तर पुढची ३२० मिमीची डिस्क आणि ३५ पीएस ही चैन नव्हे. ८८ "फिक्स" वगैरे काही नसतं, दोन महिने पडून राहिली की ७८ ला येते. तेवढी कळ काढा. मात्र डॉमिनार सुरुवातीला एबीएस आणि बिगर-एबीएस दोन्ही प्रकारांत आली होती, बिगर-एबीएस घेऊ नका. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागायला हवा आणि गाडी थोडी चालल्यावर विझायला हवा. लागतच नसेल तर गाडी बिगर-एबीएस आहे किंवा दोष लपवलाय. ॲव्हेंजरचंही बघाच: १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं, त्यामुळे २०१९ ची आहे एवढ्यावर गृहीत धरू नका. उत्पादनाचा महिना आरसीवर असतो.

टीटी_फॉर्मवाला

कागदांचं कोणी बोललं नाही आणि पैसे तिथेच अडकतात.

एमपरिवहनवर नंबर टाकून मालक कितवा, इन्शुरन्स कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का हे बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा काढायचा), तेही पैसे द्यायच्या आधी. "कर्ज फिटलंय, नोंद काढायची राहिलीय" हे वाक्य ऐकलं की काम मालकालाच आधी करू द्या. चलनं महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. ती त्याने भरायची, पावती बघायची.

नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. कायद्याने घेणाऱ्याला ३० दिवस असतात. सही केलेले कोरे फॉर्म एजंटकडे सहा महिने ठेवू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओचं काम अडतं. चारपैकी निदान तिघींना हे लागू आहे.

इन्शुरन्समध्ये एक गंमत: सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. ती मुदत संपल्यावर पुन्हा काढायची असते हे निम्म्या मालकांना माहीत नसतं, आणि गाडी बिनविम्याची फिरत असते. पॉलिसी चालू असेल तर १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

राज्यातलीच गाडी असेल तर रोड टॅक्स पुन्हा भरायचा नसतो. बेळगाव किंवा गोवा पासिंगची स्वस्त दिसली तरी एनओसी आणि टॅक्स धरल्यावर ती स्वस्त राहत नाही. पैसे खात्यावरून द्या, डिलिव्हरी लेटरवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, त्या मिनिटाआधीची चलनं त्याची.

घाटवाट_डबलसीट

थंडरबर्डवाल्याला फोन केला. ६६ वर आला. म्हणतो, "सेल्फ कधीकधी घेत नाही, बॅटरी जुनी आहे, पण किकने पहिल्या झटक्यात चालू होते." रविवारी सकाळी जातोय. हे बॅटरीचं की स्प्रॅगचं, तिथल्या तिथे कसं ओळखायचं?

पंधराचा_पाना

चांगल्या गाडीची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि जंपर केबल घेऊन जा. आधी त्याच्याच बॅटरीवर एकदा बटण दाबा. नुसतं टक-टक वाजून थांबलं तर दोष बॅटरीकडे किंवा रिलेकडे आहे. मग तुमची बॅटरी जोडून गार इंजिनावर पाच वेळा चालू-बंद करा, दर वेळी मधे अर्धा मिनिट थांबून. पाचही वेळा गुमान घेतलं तर नव्या बॅटरीचे पैसे वजा करून ६६ वरून बोला. त्यात एकदा जरी कर्रर्र आलं किंवा मोटर मोकळी फिरली, तर स्प्रॅग. मग ५८ च्या वर जाऊ नका, आणि त्याने "किकने होते ना चालू" म्हटलं तर किक त्यालाच मारायला सांगा, दोनदा.