'टोट बॅग'मधला 'टोट' कुठून आला?

शिवणवाली
माझं कापडी पिशव्यांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकं हल्ली 'टोट बॅग' मागतात. कोशात 'टोट करणे' म्हणजे वाहून नेणे, एवढंच मिळालं. सगळं मावतं म्हणून 'टोटल'वरून आलाय का हा शब्द?

सदा_काका
नाही, टोटलशी याचं नातं नाही. रेसकोर्सवरचा 'टोट' तेवढा टोटलायझेटर या पैजांचा हिशेब करणाऱ्या यंत्राच्या नावावरून आलाय.

तुमचा टोट अमेरिकेतला. 17 व्या शतकात व्हर्जिनियातल्या लिखाणात तो दिसतो. पुढे दक्षिणेकडच्या बोलीत असा मुरला की पाणी, सरपण, बंदूक, सगळं 'टोट'च करायचं. मूळ अजून वादातच आहे, पण मला आफ्रिकेची वाट पटते. अंगोलातल्या किंबुंडू भाषेत 'तुता' म्हणजे वाहून नेणे, शेजारच्या किकोंगोत 'तोता' म्हणजे उचलणे. लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर 'गल्ला' ही बोली बोलणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये राहून असे शब्द गोळा केले. 1949 साली त्यांचं पुस्तक आलं. तोवर या बोलीला बहुतेक विद्वान मोडकीतोडकी इंग्रजीच समजत होते. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

रेवा_नाशिक
काका, पण त्या काळी व्हर्जिनियात आफ्रिकी लोक अगदी थोडे होते ना? मग त्यांचा शब्द इंग्रजांच्या तोंडी कसा बसेल?

सदा_काका
रेवा, शंका रास्त आहे, अभ्यासकही हाच आक्षेप घेतात. पण 1619 साली व्हर्जिनियात जे वीसेक आफ्रिकी उतरवले, त्यांना नेणारं पोर्तुगीज जहाज लुआंडाहून निघालं होतं. म्हणजे थेट किंबुंडूचाच मुलूख! तंबाखूच्या मळ्यांत ते आणि करारावर आणलेले गोरे मजूर बरोबरीने राबत. ओझं उचलायचा शब्द तिथे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला माणसं कितीशी लागणार? पुरावा नाही हा, पण आक्षेपाची धार नक्की कमी होते.

कॅनव्हास_वेडा
पिशवीपुरती भर घालतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीने 1944 मध्ये जाड कॅनव्हासची पिशवी काढली ती बर्फाच्या लाद्या नेण्यासाठी, नावही 'आइस कॅरिअर'. 'टोट' नावात आलं ते साठच्या दशकात, रंगीत बंद लावून परत आणली तेव्हा. ताई, बंद तळापर्यंत शिवता ना? वजन तिथेच पेललं जातं.

शिवणवाली
हो, तळाखालूनच घेते. काका, टर्नर यांनी लोकांचे आवाज मुद्रित केले होते का?

सदा_काका
केले होते, 1930 च्या दशकात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या पारंपरिक संगीताच्या संग्रहात आहेत.