‘पुढं वाच, कळेल’ म्हणतात, पण कळलेलं बरोबर आहे हे कसं कळायचं?

कर्वेनगरची नात

प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा ८७ वर्षांचे आहेत. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांचं वाचन बंद पडलंय. दिवाळीपासून रोज रात्री जेवणं उरकली की मी त्यांना पाऊण तास वाचून दाखवते. पुस्तकं त्यांच्याच कपाटातली, बहुतेक जुन्या ग्रामीण कथा. मी इंग्रजी माध्यमातली. घरात मराठी बोलते, व्हॉट्सॲपवर लिहिते, पण असल्या पुस्तकात दर पानावर अडखळते. शब्द अडला की मोबाइल उचलते आणि आजोबा वैतागतात. “अगं, पुढं वाच की. कळेल आपोआप.”

परवा विहिरीवरचा प्रसंग आला. मोट वर आली आणि थारोळ्यात रिकामी झाली, असं काहीसं वाक्य होतं. थारोळं मला एकच माहीत आहे, पेपरातलं. रक्ताचं. त्यात मागच्याच पानावर दोन भावांचं बांधावरून भांडण झालेलं. झालं! आता खून पडणार म्हणून मी आवाज खाली घेतला आणि एकेक शब्द सावकाश वाचायला लागले. पुढे म्हणे मोटकरी नाड्यावर बसला. नाडा म्हणजे लेंग्याचा, दुसरा मला ठाऊक नाही. बैल धावेवर होते, म्हणजे पळत असणार. माझ्या डोळ्यांसमोर रक्त, लेंगा आणि उधळलेले बैल. शेवटी न राहवून विचारलं, “मेलं कोण?” आजोबा हसता हसता ठसक्याने बेजार झाले, पाणी द्यावं लागलं.

मग त्यांनी पलंगावरच विहीर मांडली. उशी म्हणजे विहीर. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची मोठी पिशवी. उशीलगत हाताचा द्रोण केला, ते थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी ओततात ती काठावरची कुंडी. चादरीची चुणी म्हणजे पाट, कुंडीतलं पाणी तिथून शेताला जातं. धाव म्हणजे बैलांची उताराची वाट. बैल उतरतात तशी मोट वर चढते. नाडा हा मोटेचा जाड दोर, बैल उतरताना मोटकरी त्याच्यावरच बसतो.

तर प्रश्न असा की मी ‘पुढं वाचून’ अर्थ लावलाच होता की! सगळा चुकला. शेजारी आजोबा नसतील तेव्हा आपला अंदाज चुकलाय हे ओळखायचं कसं?

निवृत्त मराठीच्या बाई

आजोबांना माझा नमस्कार सांग. तुला ‘अगं’ म्हटलं तर चालेल ना? मुलींना शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही.

तुला वाक्याने सगळं सांगितलं होतं गं. मोट रिकामी झाली. मग मोटेतलं पाणी गेलं कुठे? ‘थारोळ्यात’ मधला ‘त’ बघ, ते पाणी मावेल अशी काहीतरी जागा हवी. शब्द अडला की आधी त्याला लागलेला प्रत्यय आणि त्याचं क्रियापद बघायचं. ती वस्तू काय करते, तिचं कोण काय करतं? ‘कणगी लिंपली’, ‘कणगीत जोंधळा भरला’ ही दोन वाक्यं वाचली तर कणगी न बघताही ती धान्य साठवायची आहे आणि तिला लिंपावं लागतं, एवढं कळतं. ती बांबूची विणलेली असते हे नाही कळलं तरी गोष्ट अडत नाही.

दुसरं म्हणजे जोडशब्द. ‘बाजारहाट’ मधला हाट म्हणजे बाजारच. ‘धनदौलत’, ‘रीतिरिवाज’, ‘कागदपत्र’ हेही त्याच घडणीचे. एक अर्धा माहीत असला की दुसरा फुकट. शेजारीपाजारीतला पाजारी मात्र शोधत बसू नकोस, तो नुसता मागून फरपटत आलेला आहे.

आणि अंदाज केलास की तो त्या शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा म्हणून बघ. ‘मोट रक्तात रिकामी झाली.’ बसतंय का कानाला?

चिंचवडकर

थारोळं माहीत नाही, मोट माहीत नाही. कठीण आहे. आमच्या वेळी हे चौथीतल्या पोराला यायचं.

निवृत्त मराठीच्या बाई

चिंचवडकर, तुमच्या वेळी मोट चालू होती.

मोडीची हौस

बाईंशी सहमत, पण नातीचं दुखणं वेगळं वाटतं. तिला शब्द माहीत नव्हते असं नाही. थारोळं, नाडा, धाव तिन्ही माहीत होते, म्हणूनच ती फसली. अगदी अनोळखी शब्द दिसला तर माणूस निदान दोन मिनिटं थांबतो. ओळखीचा दिसला की सरळ पुढे.

माझीच फजिती सांगतो. मोडी शिकायला लागलो तेव्हा घरातली जुनी कागदांची पिशवी काढली. एका कागदात ‘मौजे मजकूर’ तीनदा आलं. मी वडिलांना छातीठोकपणे सांगितलं, आपली मजकूर नावाच्या गावी जमीन होती. आठवडाभर नकाशात मजकूर शोधत होतो. ‘मजकूर’चा मूळ अर्थ ‘उल्लेख केलेला’. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलंच गाव, साल मजकूर म्हणजे तेच साल. आज आपण मजकूर म्हणजे लिहिलेला भाग एवढंच धरतो.

‘शिकस्त’चंही तेच. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. फारसीत शिकस्त म्हणजे मोडतोड, पराभव. जुन्या पत्रात फौजेने शिकस्त खाल्ली असं आलं तर ती हरलेली असते, जिवाचं रान करून लढत नसते. इथे उलटा अर्थ लावलात तर सगळी लढाईच उलटी होते.

म्हणून माझा नियम असा की ओळखीचा शब्द अनोळखी माणसांत बसलेला दिसला की संशय घ्यायचा. विहिरीवर लेंग्याचा नाडा? थांबा तिथेच.

नारायण पेठेतली अनुवादक

थोडं हिशेबाचं बोलते. हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर अभ्यास केला होता. गोष्ट मदतीशिवाय नीट समजायची तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच यावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाचच अडले तर अंदाज चालेल. पंधरा-वीस अडत असतील तर तुम्ही एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दावरून लावताय, आंधळ्याने आंधळ्याचा हात धरल्यासारखं. अभ्यास मराठीवरचा नाही, पण मला अनुवाद करताना असंच जाणवतं.

मी वाचताना कोश उघडत नाही. पेन्सिलीने बारीक टिंब देते आणि प्रकरण संपल्यावर बसते. तोवर निम्मी टिंबं आपोआप सुटलेली असतात. झाड, पक्षी, दागिना असेल तर ‘कुठलंसं झाड’ म्हणून सोडून देते. ज्या शब्दावर घटना उभी आहे तो मात्र बघतेच. तुमची धाव तसली.

कोशात शोधताना एक खोच आहे. ‘थारोळ्यात’ टाकून काही मिळणार नाही, मूळ रूप लागतं. आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, वाढवलेली आवृत्ती १८५७) जुन्या लेखनाचा आहे, तिथे ‘थारोळें’ असं अनुस्वारासकट बघा. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन जाडजूड कोश घेण्याचं सुख वेगळं, पण रात्री पलंगावर ते वजन पेलत नाही.

कर्वेनगरची नात

सगळ्यांचे आभार. चिंचवडकर, तुमचेही.

टिंबांची युक्ती चालू केली. काल मोजलं, एका पानावर अकरा. म्हणजे मी अजून आंधळ्याच्याच रांगेत. पण थांबत नाही, त्यामुळे आजोबा खूश आहेत.

आणि एक गंमत. काल एका ऐतिहासिक गोष्टीत वाड्यात खलबतं चालली होती. मला वाक्यावरून कळलं की दार लावून गुप्त बोलणी चाललीत. तरी मोडीवाल्यांचं ऐकून आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “खलबत्त्यातलं ते. विषय कुटतात, बारीक करतात, म्हणून खलबत.” पटलं मला. नंतर कोश उघडला तर हा शब्द अरबी ‘खल्वत’वरून आलेला, म्हणजे एकांत. खलबत्त्याचा काही संबंध नाही. ८७ वर्षं त्यांनी दर वेळी अर्थ बरोबर लावला होता, फक्त मनात बत्ता चालू होता.

वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान्य केलं नाही. “बत्त्याशिवाय खल होतो का?” म्हणाले. “पुढं वाच.”