वय ३६, गुडघा कुरकुरतो, कराटे लावू की जुडो की बॉक्सिंग?

ठाणेकर_एक:
नमस्कार मंडळी. दिवसभर खुर्चीत बसायचं काम, जिमचा कंटाळा येतो, म्हणून मार्शल आर्ट शिकायचं डोक्यात बसलंय. कॉलेजात फुटबॉल खेळताना उजवा गुडघा मुरगळला होता तो अजून अधूनमधून दुखतो. घराजवळ शोतोकान कराटे, जुडो, बॉक्सिंग, मुए थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग) सगळे क्लास आहेत आणि प्रत्येक सर म्हणतात आमचंच बेस्ट 😅 स्पर्धा खेळायची नाही, पण नुसते हवेत हातपायही मारायचे नाहीत. काय घेऊ?

खडूस_काका:
आधी ऑर्थोला दाखवा, बाकी नंतर. मुए थाईत डाव्या पायाची राउंडहाऊस, म्हणजे कंबर फिरवून बाजूने लाथ, मारली की सगळं वजन तुमच्या त्या उजव्या पायावर, आणि तो चवड्यावर फिरवावा लागतो, दमल्यावर टाच मॅटला चिकटून राहते, कंबर मात्र फिरते आणि पीळ बसतो गुडघ्याला. बॉक्सिंगमध्ये ही भानगड कमी. डोक्याला मार नको असेल तर बॅग, पॅड आणि हलकं बॉडी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत, फक्त अंगावर), एवढं पुरे. शोतोकानचं म्हणाल तर क्लास बघून ठरवा, काही ठिकाणी नुसतं किहोन (एकेका हालचालीचा सराव) आणि काता (ठरलेल्या हालचालींची साखळी) घोटत बसतात, कुमिते (समोरासमोर लढत) नावालाच. क्योकुशिन ही कराटेचीच दुसरी शैली त्याच्या उलट, छातीपोटावर खणखणीत बुक्के, तोंडावर हाताने मारायचं नाही पण लाथ चालते. तुम्हाला झेपायचं नाही ते.

मॅटवरची_मी:
मी जुडो करते त्यामुळे थोडी पार्शल आहे. सुरुवातीला उकेमी शिकवतात, म्हणजे पडायचं कसं, हनुवटी छातीला लावायची आणि हात मॅटवर सपकन आपटायचा. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावरून घसरले तेव्हा डोकं त्यामुळेच वाचलं. शिवाय रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, समोरचा खरंच जोर लावतो, जुडोचे जनक कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही जुडोशाळा काढली तेव्हापासून भर त्यावरच आहे. पण गुडघ्याचं खरं सांगते, ताई ओतोशीसारख्या, पाय आडवा घालून पाडायच्या डावात पाय अडकला तर वाट लागते. सुरुवातीला फक्त जमिनीवरचं, ने वाझा, करू देतात का विचारा, समजूतदार सर असतील तर देतात.

रंकाळ्यावरचा:
सगळी फॉरेनचीच यादी काय हो? आमच्या कोल्हापुरात या, मर्दानी खेळ बघा. २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला तरी तुमच्या यादीत नाही 😄 लाठीनं सुरुवात करा, दोन्ही हातांनी फिरवायला लागलात की खांदे-मनगटं बोलायला लागतात. कुस्तीच्या तालमीत मात्र या गुडघ्यानं उतरू नका, बैठका मारतानाच रडाल.

खडूस_काका:
लाठी भारीच, पण ठाण्यात चांगला शिकवणारा मिळायला पाहिजे. आणि त्यांना अंगावर येणारा माणूस हवाय ना समोर.

ठाणेकर_एक:
धन्यवाद सगळ्यांना. ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतली. बॉक्सिंगवाल्यांकडे जाऊन आलो, ट्रायल देत नाही म्हणाले, तीन महिन्यांची फी आधी भरा.

मॅटवरची_मी:
मग नका भरू. नवीन बॅचला कोणाशी स्पारिंगला उभं करतात ते बसून बघू देत नसतील तर दुसरीकडे जा.