हुमणी लागलेला ऊस सेंटिनेल-२ वर ओळखायचा कसा?

पंचगंगाकाठ:
शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मिळून ४० प्लॉट आहेत. हुमणीने (मुळं खाणाऱ्या अळीने) वाळलेले पट्टे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेजमधून एनडीव्हीआयवर (हिरवेपणा मोजणाऱ्या इंडेक्सवर) शोधतोय. जुलै-ऑगस्टच्या इमेज ढगांनी भरलेल्या, आणि सप्टेंबरची एखादी स्वच्छ मिळाली तर सगळा ऊस सारखाच हिरवा. कुठला इंडेक्स घ्यावा? किती लहान पट्टा दिसेल? आणि क्षारपड रानातला पिवळेपणा वेगळा कसा काढायचा?

बांधावरून:
अळी मुळांवर असते, ती वरून कधीच दिसणार नाही. दिसतो तो मुळं तुटल्यामुळे पाणी न मिळालेला ऊस. दाट उसात एनडीव्हीआय ०.८ च्या वर गेला की जवळपास अडकतोच, म्हणून एनडीआरई हा दुसरा इंडेक्स काढा: (बी८ए − बी५) ÷ (बी८ए + बी५). बी८ए, बी५ ही उपग्रहाच्या प्रकाश-बँडची नावं. जोडीला एनडीएमआय, म्हणजे बी५ च्या जागी बी११. पानातलं पाणी घटलं की तो खाली येतो.

आता आकार. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. पण हे तिन्ही बँड २० मीटरचे, म्हणजे चार गुंठे. दोन गुंठ्यांचा पट्टा त्यात विरघळून जातो. बांधालगतचे पिक्सेल तर टाकूनच द्या, त्यात रस्ता, पाट, शेजाऱ्याचं सोयाबीन सगळं मिसळतं. २० गुंठ्यांच्या प्लॉटला चारी बाजूंनी १० मीटर आत घेतलं की उरतो जेमतेम २५ × २५ मीटरचा तुकडा. एवढ्या लहान रानाला सॅटेलाइट लावू नका.

रास्टरवाला:
ढगांसाठी लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) इमेजमधला एससीएल थर वापरा, तो प्रत्येक पिक्सेल ढग, सावली, पीक अशा वर्गात टाकतो. ३, ८, ९ आणि १० हे वर्ग काढा. ३ म्हणजे ढगाची सावली. ती राहिली की हुबेहूब वाळलेल्या पट्ट्यासारखी फसवते.

दुसरी चूक जुन्या इमेजशी तुलना करताना होते. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या इमेजमध्ये मूळ आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता २०२१ शी तुलना केली तर सगळा तालुका बिघडलेला दिसेल. गूगल अर्थ इंजिनवर हार्मोनाइज्ड (हा फरक आधीच काढलेला) संच घेतला की हा प्रश्न सुटतो. २०१९ आणि २०२१ ही महापुराची वर्षं नदीकाठच्या प्लॉटसाठी आधार म्हणून धरू नका.

पंचगंगाकाठ:
आणि क्षारपडचं?

बांधावरून:
तारखांचा आलेख बघा. क्षारपड तुकडा उगवणीपासूनच मागे असतो आणि दरवर्षी त्याच जागी सापडतो. हुमणीचा पट्टा जुलैपर्यंत बाकी उसाबरोबर चालतो आणि ऑगस्टनंतर घसरतो. तुलना प्लॉटच्या स्वतःच्या मध्यकाशी करा. आडसाली आणि खोडवा एकत्र घातले तर लागणीचाच फरक कीड म्हणून मोजाल.

पाणी साचलं तरीही ऊस पिवळा पडतो, त्यामुळे शेवटी खोदणं आलंच. संशयाच्या पिक्सेलमधलं एक बेट हलवून बघा: हुमणीचं बेट मुळं नसल्यानं सहज उपटून येतं, आणि खालची फूटभर माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडते. शेजारच्या हिरव्या भागातही दोन खड्डे घ्या. अळी मिळाली नाही तरी तो बिंदू जीपीएससह नोंदवा, नाहीतर पुढच्या हंगामात इंडेक्स कितीच्या खाली गेला की संशय घ्यायचा ते कळणार नाही.

रास्टरवाला:
एक भर. ऑगस्टला पट्टा दिसतो तोवर मुळं खाल्लेली असतात. त्या पट्ट्यांभोवतीचे कडुलिंब आणि बाभळी मोठ्या रिझोल्यूशनच्या इमेजवर आत्ताच खूण करून ठेवा. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की भुंगेरे (हुमणीचे प्रौढ किडे) अंधार पडताच त्यांवरच जमतात. प्रकाशसापळे तिथेच लावा. पावसाची तारीख मात्र गावच्या पर्जन्यमापकावरून घ्या. उपग्रहाच्या पावसाची चौकट साधारण १० किलोमीटरची असते आणि वळीव एका शिवारात पडून शेजारचं कोरडं ठेवतो.