मदत हवी आहे: दादाची ऊसतोड आली, धोमचा बेत मोडला. मुलाला घेऊन एकट्याने गळ टाकायला कुठे जावं?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या शनिवारी-रविवारी धोम धरणावर गळ टाकायला जायचं ठरलं होतं. मी, माझा 11 वर्षांचा मुलगा आणि वाळव्याकडचा थोरला चुलतभाऊ. आज सकाळी दादाचा फोन आला की ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी शेतात उतरली, आता निघता येणार नाही. गाडी त्याची, रीळवाल्या काठ्या त्याच्या, तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाशी बोलणंही त्यानेच केलेलं. माझ्याकडे बांबूची एक काठी, तंगूसचं (गळाच्या नायलॉन दोऱ्याचं) बंडल आणि चार गळ आहेत. पोरगा सकाळपासून जेवलेला नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तोड चार दिवस पुढे ढकलणं खरंच शक्य नसतं का, की दादाला यायचंच नव्हतं? रविवारी मुलाला घेऊन भिलवडीच्या बाजूला कृष्णाकाठी बसलो तर चालेल का? आणि एक ओळखीचे म्हणतात, मासे राहू द्या, आमच्याबरोबर वाघर (शिकारीचं जाळं) घेऊन सशाला चला. त्यांना काय सांगू?

फडकरी

पहिल्याचं उत्तर देतो. तोड पुढे ढकलणं दादाच्या हातात नसतं. लागणीची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात असते. लागणीच्या वेळेप्रमाणे आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) असा साधारण क्रम लागतो. चिटबॉयने (कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाने) टोळी पाठवली आणि मालकाने परतवली, तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते आणि परत कधी येईल याची खात्री कुणी देत नाही. तोवर उसाला तुरा येतो, पोकळी धरते, वजन घटतं. मागच्या खोडव्यालाही उशीर होतो, म्हणजे नुकसान पुढच्या वर्षापर्यंत जातं.

टोळी लावून देऊन मालकाने दोन दिवस बाहेर जावं, असंही होत नाही. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) पडायला हवा, उशीर होईल तसं वजन आणि साखर दोन्ही उतरतं. फड ओला असेल तर ट्रॅक्टर रुततो, मग दुसरा ट्रॅक्टर बोलवा. वाट शेजाऱ्याच्या बांधावरून असेल तर त्याला सांभाळा. वाहनवाल्याची एंट्री (वरचे पैसे), वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) वाटणी, खेपांचा हिशोब, ऊस बुडख्याशी जमिनीलगत तोडला जातोय की नाही, हे सगळं उभं राहूनच बघावं लागतं. चार बोटं बुडखा वर राहिला तर तेवढं वजन शेतातच राहतं आणि खोडव्याची फूटही बिघडते.

दहा कोयत्यांची (कोयता म्हणजे तोडणारी एक जोडी) टोळी दिवसाला साधारण 15 ते 20 टन तोडते. एकरी 50 टनांचा ऊस असेल तर एकराला तीन दिवस धरा. दादाचं क्षेत्र विचारा आणि हिशोब करा, तो किती दिवस अडकलाय ते कळेल. त्याला 'पुढच्या शनिवारी तरी ये' म्हणू नका. नाइलाजाने हो म्हणेल आणि दुसऱ्यांदा मोडेल. पोराला दुसऱ्या वेळचं जास्त लागतं.

कृष्णाकाठ

भिलवडी नको. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज हा सगळा पट्टा मगरींचा आहे, आणि तुम्ही लहान मूल घेऊन एकटे जाणार.

थंडीत धोका कुठे असतो ते नीट समजून घ्या. रात्री पाणी गार पडतं, त्यामुळे सकाळी मासा सुस्त असतो. साधारण दहानंतर उन्हाने उथळ पाणी कोमट व्हायला लागलं की तो काठाकडे सरकतो आणि गळाला तोंड लावतो. मगरीलाही त्याच वेळी ऊन हवं असतं. ती उताराच्या, मऊ मातीच्या, उन्हाकडे तोंड असलेल्या काठावर येऊन पडते. म्हणजे गळ टाकायला जी जागा चांगली दिसते तीच तिची. चाहूल लागली की पाण्यात सरकते आणि डोळे-नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून तिथेच थांबते. पाण्यावर वाळलेल्या लाकडाचा तुकडा वाटावा इतकंच दिसतं. तरंगीकडे (दोऱ्यावर बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडे) नजर लावून उकिडवं बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

म्हणून या पट्ट्यात दोन जाणती माणसं असतील तरच बसायचं. एकाने गळ बघायचा, दुसऱ्याने फक्त पाणी बघायचं. पाण्यापासून सात-आठ हात मागे, शक्यतो उंच दरडीवर, आणि दिवस मावळायच्या आत उठायचं. पकडलेले मासे पिशवीत घालून पायाशी पाण्यात सोडायचे नाहीत, तिथेच साफही करायचे नाहीत. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, तंगूस तोडून द्यायचं. मुलावर लक्ष ठेवत एकट्या माणसाला हे जमणार नाही.

वनरक्षक_मित्र

सशाचं ऐकूच नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तितर, भेकर कशाचीही शिकार गुन्हा आहे. वाघर लावून बसणंही त्यातच येतं. ससा मिळो न मिळो, सोबत असलेल्या प्रत्येकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यांना एका वाक्यात नाही म्हणा, कारणं देत बसू नका.

धोमऐवजी बामणोलीकडे जायचा विचार आला तर तोही सोडा. तिथे कोयना अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही.

तंगूस_आणि_तरंगी

रविवार वाया घालवू नका. तासगाव-पलूसकडे ओळखीच्या द्राक्षबागायतदाराचं शेततळं बघा. पुष्कळ जणांनी तळ्यात रोहू, कटला, चिलापी सोडलेली असते. मालकाला आदल्या दिवशी फोन करा. किलोचा भाव आणि किती वेळ बसणार हे आधीच ठरवा.

शेततळं लहान दिसतं म्हणून फसू नका. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात मधोमध 3 मीटर पाणी असतं आणि चारी बाजूंचा उतार प्लास्टिकच्या कागदाचा. कागदावर शेवाळ धरतं. पाय सरकून आत गेलेला माणूस पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही, हाताला धरायला काही मिळतच नाही. म्हणून गळ बाहेर काढण्याआधी हे करा:

– अंगठ्याएवढ्या जाडीची नायलॉन दोरी, हातभर अंतरावर गाठी मारलेली, कुंपणाच्या पक्क्या खांबाला बांधून पाण्यात सोडा. स्वतः लटकून ओढून बघा.
– हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवा.
– मुलाला लाइफ जॅकेट घाला, आणि तो बांधाच्या सपाट माथ्यावरच बसेल. कागदावर पाऊल ठेवायचं नाही, माशासाठीही नाही.

दुसरी गोष्ट मालकाच्या नुकसानीची. गळ कागदात अडकला आणि हिसका दिला तर भोक पडतं आणि तळं गळायला लागतं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. तंगूस सैल पडू दिलं नाही तर मासा सुटत नाही, आणि बोटात घुसला तरी गळ सरळ निघतो. बांबूची काठी 10 फुटांची असेल तर तंगूसही तेवढंच, 0.25 मिलिमीटरचं. 8 नंबरचा गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाची एक बारीक गोळी. तरंगी अशी बांधा की आमिष तळाच्या वीतभर वर राहील. तळाला टेकलं की कागदात अडकणार.

गाठ मारताना तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती सहा पीळ द्या, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत घ्या. आवळण्याआधी थुंकीने ओलं करा. कोरडं तंगूस आवळलं की घासून तापतं, कमजोर होतं आणि नेमकं मासा लागल्यावर गाठीशीच तुटतं.

आमिष: 200 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून, 50 ग्रॅम भाजलेलं बेसन. पाणी चमचा-चमचा घाला, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत मळा. चिमूटभर कापूस विंचरून त्यात मिसळला की पाण्यात लवकर सुटत नाही. थंडीत गोळी हरभऱ्याएवढीच, मोठी केली तर मासा नुसता कुरतडतो. हे मळायचं काम शनिवारी रात्री मुलाकडे द्या. बेत मोडलेल्या पोराला समजुतीपेक्षा हातात काम दिलेलं बरं.

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाचं क्षेत्र दोन एकर आहे, हिशोब लागला. पलूसला तळं मिळालं, मालक स्वतः थांबणार आहेत. दोनच शंका. तरंगी नुसती थरथरते तेव्हा हिसका द्यायचा का? आणि दादाशी आता काय बोलू, सकाळी फोनवर मी जरा तोडून बोललो.

तंगूस_आणि_तरंगी

थरथरली तर थांबा. ती चिलापी कडा कुरतडत असते, किंवा लहान मासे. तरंगी एका बाजूला चालायला लागली किंवा सरळ खाली गेली की मनगटाने वर उचला. खांद्यापासून हिसका नको, मासा उडून मागे कुंपणात जातो आणि गळ कुणाच्या तरी तोंडाशी येतो. मुलाच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. चिलापीच्या पाठीचे काटे टोचतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत काटे दाबूनच धरा. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. बोटात घुसला आणि सहज निघत नसेल तर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

फडकरी

दादाशी फोनवर नको, फडावर जा. शनिवार तुमचा मोकळाच आहे. दुपारी घरचा डबा घेऊन मुलाला नेऊन या. तो तिथे उभा असतो, जेवायला घरी जाणं होत नाही. सकाळचं 'चुकलं माझं' तिथेच म्हणा. टोळी बघितल्यावर काका का आला नाही हे पोराला सांगावं लागणार नाही. कोयते चालू असतील तिकडे मात्र त्याला जाऊ देऊ नका, आणि भरलेल्या ट्रॉलीच्या मागेही उभं करू नका.

पुढचा बेत कारखान्याचा पट्टा पडल्यावरच (गाळप हंगाम संपल्यावरच) धरा. तोवर मुलाच्या परीक्षाही आटोपतील. पण जून उजाडू देऊ नका. पहिल्या पावसात चढणीचा मासा अंडी घालायला वर येतो, त्याला धरलं की पुढच्या वर्षीचाच मासा गेला.

कृष्णाकाठ

यात एक भर. एप्रिल-मेमध्ये धोमचं पाणी उतरलेलं असतं. उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळतो आणि खाली पाय गुडघाभर जातो. दगडी काठ बघूनच बसा, पहाटे आणि उन्हं कलल्यावर. ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिची परवानगी या खेपेला तुमच्या आणि दादाच्या अशा दोघांच्या नावाने घ्या, आणि त्या माणसाचा नंबर दोघांकडे ठेवा. काठ्याही वाटून घ्या, एक जोड तुमच्या घरी राहू दे. दादाला पुन्हा काही आडवं आलं तरी तुम्हाला दुसरा जाणता माणूस घेऊन निघता येईल.