मदत हवी आहे: एचआयव्ही टाळायची गोळी डॉक्टर लिहून का देत नाहीत?

सांजवेळ_म्हापसा
तीन आठवडे झाले, तीन डॉक्टर झाले. माझ्याकडे येणारा एक मुलगा स्वतःहून प्रेप मागतोय, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. पहिले म्हणाले, "हा माझा विषय नाही, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जा." दुसऱ्यांनी मान हलवून पुढचा पेशंट बोलावला. तिसऱ्या बाईंनी त्याला बाहेर बसवून मलाच प्रवचन दिलं. गोळीवर बंदी नाही ना? मग अडतंय कुठे? "समुपदेशकाकडे जा" असं कृपया कोणी लिहू नका, मी स्वतः शाळेत समुपदेशक आहे.

मानकुराद
मुलगा म्हणजे किती वर्षांचा?

फार्मसीवाला_फोंडा
प्रेपची गोळी म्हणजे टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिन, दोन औषधं एकत्र. भारतीय कंपन्यांची जेनेरिक येते, मागवून देता येते. चिठ्ठीशिवाय नाही हां.

सांजवेळ_म्हापसा
चिठ्ठीच तर मिळत नाही! सतरा पूर्ण. मार्चमध्ये अठरा.

मानकुराद
धन्य! हे पहिल्या ओळीत नको होतं?

जुना_स्टेथो
चाळीस वर्षं दवाखाना चालवला, म्हणून सांगतो. तिघांची कारणं तीन असणार. आमच्यासारख्या साध्या डॉक्टरांना वाटतं, एचआयव्हीची औषधं म्हणजे एआरटी केंद्राचं, लागण झालेल्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राचं काम. तिथल्या डॉक्टरांकडे लागण झालेल्यांची रांग. निरोगी माणूस दोघांच्या मध्ये पडतो. औषधाबद्दल म्हणाल तर अमेरिकेत 2012 मध्ये प्रौढांसाठी आणि 2018 मध्ये 35 किलोच्या वरच्या किशोरांसाठी मंजुरी मिळाली, म्हणजे वजन भरलं की वय आड येत नाही. आड येतो तो कायदा. अठराच्या आतल्याला पालकांच्या सहीशिवाय औषध द्यायचं आणि उद्या बाप दारात उभा राहिला तर? शिवाय पॉक्सोखाली, म्हणजे अठराच्या आतल्यांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवण्याची सक्ती. विषय काढला की आपणच अडकू, म्हणून डॉक्टर विषयच काढत नाहीत.

व्हाळातला_मासा
बरोबरच करतात. गोळी हातात दिली की पोरं मोकाट सुटतील.

मानकुराद
लाइफगार्ड ठेवले म्हणून लोक कळंगुटला बुडायला येतात का?

व्हाळातला_मासा
येतात की! लाल बावटा असतानाही येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या समोरच...

दोन_फुलां
लग्नाआधी दोघांची चाचणी सक्तीची करावी, सगळे प्रश्न सुटतील.

मानकुराद
सतरा वर्षांच्या पोराचं लग्न कोण लावतंय इथे?

पर्रेकार
सक्ती म्हटली की मला 1989 आठवतं. डॉमनिक डिसोझाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली धरून याच म्हापशात 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय, तर रक्त तपासणीत एचआयव्ही निघाला. आमच्या पिढीने ते पाहिलंय. गाव एवढंसं, कंपाउंडरची मावशी आपली शेजारीण. पोरगा तीन ठिकाणी तोंड उघडतोय, हेच मला मोठं वाटतं.

नर्स_ताई
चाचणी झाली का त्याची?

सांजवेळ_म्हापसा
कसली? त्याला काही झालेलं नाही.

नर्स_ताई
गो बाय, त्याशिवाय कोणताही डॉक्टर लिहिणार नाही, मुलगा चाळीस वर्षांचा असता तरी! आधीच लागण असेल आणि ही दोनच औषधं चालू केली तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून आधी एचआयव्ही, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हेपटायटिस बी. मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, चाचणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. आणि काही घडून 72 तास झाले नसतील तर प्रेप राहू दे, आजच इस्पितळात जा. काही घडल्यावर लागण टाळायला घ्यायचा तो कोर्स वेगळा, 28 दिवसांचा.

सांजवेळ_म्हापसा
72 तास नाहीत. महिना होऊन गेला.

जुना_स्टेथो
मग चाचणी आधी. आणि बाई, पॉक्सोची ती सक्ती फक्त डॉक्टरवर नाही. कळल्यावर न कळवणं शाळेच्या समुपदेशकालाही भोवू शकतं. समोरची व्यक्ती कोण, जबरदस्ती होती का, हे विचारलंत?

सांजवेळ_म्हापसा
विचारलंय. ते मी इथे लिहिणार नाही. आईला सगळं माहीत आहे, ती वकिलाशी बोलली आहे.

मानकुराद
आईला माहीत आहे???

जुना_स्टेथो
अहो, मग तिला सोबत का नेलं नाहीत? निम्मी अडचण सहीची होती.

सांजवेळ_म्हापसा
मुलाला लाज वाटते म्हणून मी गेले. तिसऱ्या बाई "तुम्ही कोण?" असं का विचारत होत्या, ते आत्ता कळलं.

जुना_स्टेथो
अजून एक भीती असते, पोरं गोळ्या चुकवतात ही. ती खोटी नाही. अमेरिकेत 15 ते 17 वयाच्या मुलांवर अभ्यास झाला. दर महिन्याला बोलावलं तोवर बरं चाललं, भेटी तीन महिन्यांवर गेल्या तशा गोळ्या सुटू लागल्या. "सुरुवातीला दर महिन्याला येऊ" असं तुम्हीच आधी सांगा, डॉक्टर जरा सैल होईल.

व्हाळातला_मासा
माझं मत बदललेलं नाही.

सांजवेळ_म्हापसा
सोमवारी आई, मुलगा आणि मी, आधी चाचणीला. बांबोळीला किती वाजता पोचावं?

फार्मसीवाला_फोंडा
आठच्या आत. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.